आचारसंहिता डुकरांना लागू नाही

महाराष्ट्र विधानसभेच्या गेल्या चार निवडणुकांच्या मतदानाच्या तारखा एकाखाली एक मांडून बघा. १३ ऑक्टोबर २००९. १५ ऑक्टोबर २०१४. २१ ऑक्टोबर २०१९. २० नोव्हेंबर २०२४. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात दिवाळीच्या मागेपुढे आलेली सुट्टी दिसेल. आमच्याकडे, तळकोकणात सह्याद्रीच्या पायथ्याला, त्यात भात दिसतं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, तोवर कापून झालेलं असतं. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, अजून शेतात उभं असतं, लोंबी भरलेली असते, आणि त्या लोंबीवर डोळा ठेवून घाटाच्या रानातून डुकरांचे कळप रात्रीचे खाली उतरतात. वर्षभरात शेतकऱ्याला बंदुकीची खरी गरज लागते ती या थोड्या आठवड्यांत. आणि निवडणुकीच्या वर्षी याच आठवड्यांत ती पोलीस ठाण्यात जमा असते, कारण आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका जमा करून घेतात.

आधीच सांगून टाकतो, मला बंदुकीचं कौतुक नाही. शिकारीच्या गप्पा रंगात आल्या की मी उठून चहा टाकायला जातो. सरकारने प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवावी, कुणाकडे काय आहे ते ठाण्याला माहीत असावं, याबद्दलही माझी तक्रार नाही. पण काकांच्या परवान्याची कागदपत्रं आता माझ्याकडे असतात. ते सत्तरी ओलांडून गेले, बारीक अक्षर त्यांना लागत नाही, आणि ‘ऑनलाइन’ हा शब्द निघाला की घरातल्या शहरात राहणाऱ्याकडे सगळ्यांची बोटं वळतात. त्या कागदांच्या नादाने ही नोंदवही आतून कशी चालते ते जवळून बघायला मिळालं.

काकांची बंदूक ठासणीची आहे. आजोबांकडून त्यांच्याकडे आलेली. नळीत वरून दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, मग घोड्याखाली केप लावायची. सराईत हातालाही या सगळ्याला वेळ लागतोच. एक बार निघाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर वहाळापल्याड, म्हणजे ओढ्यापलीकडे. त्यामुळे ती मारण्याची कमी आणि आवाजाची जास्त अशी वस्तू आहे. शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, राखणीला बसलेला माणूस रात्रीतून दोन-तीनदा हवेत बार काढतो, कळप बुजतो आणि खालच्या वाडीच्या मळ्याकडे वळतो. मग तिथला राखण्या बार काढतो. अशी डुकरं रात्रभर एकमेकांच्या शेतात ढकलणं, याला आमच्याकडे राखण म्हणतात. डुक्कर खरोखर मारायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी ती देण्याची सोय कलम ११ मध्ये आहे, पण तो खटाटोप वेगळ्या लेखाचा विषय आहे. गवा तर त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला. तो शेतात बसून रवंथ करीत असला तरी लांबून हाळी देण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हातात फारसं काही नसतं.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात ही बंदूक जवळजवळ नावानिशी आहे, हे मला कागद करताना कळलं. कलम १३ सांगतं की पीक राखण्यासाठी खरोखर हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरी पडणार नाही अशी परिस्थिती असेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल. इतर हत्यारांसाठी अर्जदाराने सबळ कारण पटवून द्यायचं असतं. शेतकऱ्याचं कारण कायद्यानेच आधी मान्य करून टाकलेलं आहे. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढे माळ्यावर बसलेला माणूस होता, असं मला ते वाचताना वाटलं. काकांच्या परवान्यावर कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: शेती संरक्षण. परवाना देताना ते वाचले गेले असणार. त्यानंतर ते कुणी वाचल्याचं मला आढळलेलं नाही, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच.

नूतनीकरणाच्या अर्जाला सात-बारा लागतो, जुना परवाना, चलन, फोटो लागतात, पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र यांची भर पडली. दोन्ही गोष्टी मला योग्य वाटतात. पूर्वी बंदूक माजघरातल्या खुंटीला लटकायची आणि आम्ही पोरं तिच्याखाली जेवायला बसायचो. आता ती लोखंडी कपाटात कुलपात असते. डॉक्टरांनी काकांना विचारलं, रात्री झोप लागते का? काका म्हणाले, “भात पिकला काय नाय लागणा.” डॉक्टर शहरातले होते. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि भात पिकलं की झोप लागत नाही, हे मला नीट समजावून सांगावं लागलं.

खरी अडचण आली ती युआयएनच्या वेळी. देशभरातल्या परवान्यांची एक राष्ट्रीय यादी करायची, प्रत्येक परवानाधारकाला एक क्रमांक द्यायचा, आणि ज्याला क्रमांक नाही त्याचा परवाना रद्द समजायचा, अशी ती योजना. मुदती वाढत वाढत २९ जून २०२० पर्यंत आल्या. म्हणजे टाळेबंदीत. एसटी बंद, जिल्ह्याला जायची सोय नाही, आणि पेरणी तोंडावर. काकांचं काम सुदैवाने आधी झालं होतं, पण होताना एक प्रश्न निघाला होता: बंदुकीचा क्रमांक काय? फॉर्ममध्ये तो रकाना सोडता येत नाही. बंदुकीवर क्रमांक शोधला तर नळीच्या बुडाशी काहीतरी कोरलेलं होतं, त्यातला एक आकडा तीन आहे की आठ ते भिंगातूनही कळेना. जुन्या परवान्यावर तीन होता, त्याआधीच्या परवान्यावर आठ. दोन्हीवर सही-शिक्का. घरात बराच वेळ वाद झाल्यावर ठरलं, ताज्या परवान्यावर आहे तेच भरायचं. त्यामुळे राष्ट्रीय यादीत काकांच्या नावापुढे जी बंदूक आहे ती कदाचित पृथ्वीतलावर अस्तित्वात नाही. कायद्याने हत्यारावरची ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, म्हणून आकडा पुन्हा नीट कोरून घ्यायची सोयही आपल्या हातात नाही.

याशिवाय दुसरी एक नोंद आहे, जिच्याबद्दल गावात फार थोड्यांना माहिती आहे. वन्यजीव कायद्याचं कलम ३४ म्हणतं की एखादं क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं की त्याच्या आत किंवा दहा किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आपलं नाव नोंदवावं. त्या परिघात नवा परवाना द्यायचा तर त्यांची पूर्वसंमती लागते. घाटमाथ्यावर राधानगरी, कोयना. खाली गोव्यात म्हादई, नेत्रावळी. नकाशावर या अभयारण्यांभोवती दहा किलोमीटरचं कडं काढलं तर सह्याद्रीच्या दोन्ही अंगाची पुष्कळ गावं आत येतात. डुकरं, गवे, सांबरं यांचा त्रास ज्या गावांना सगळ्यात जास्त, तीच ही गावं. शिकारीला आळा बसावा हा हेतू रास्त आहे. पण जिथे राखणीची गरज वाढते तिथेच बंदूक मिळणं अवघड होतं, आणि त्या बदल्यात कुंपण, राखणीची मजुरी, वेळेवर भरपाई यांपैकी एखादी गोष्ट तेवढ्याच कडकपणे का लागू होत नाही, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

नोंदणीबद्दलचा संशय आपल्याकडे आजचा नाही आणि तो उगाचही आलेला नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. त्या शस्त्र कायद्यात परवाना हवा होता तो हिंदी माणसाला. युरोपियन त्यातून मोकळे होते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. १९१८ मध्ये गांधीजी गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते, तेव्हा आपल्या पत्रकात त्यांनी लिहिलं की ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा सर्वांत काळा ठरेल. अहिंसेच्या माणसाने हे लिहावं याचं मला अजून नवल वाटतं. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होताच.

मग तो राज्यघटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामतांनी तशी दुरुस्ती मांडली होती. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांच्या उत्तराचा गाभा असा की कुणीही उठावं, बाजारात जावं आणि हल्ल्याची हत्यारं हवी तशी विकत घ्यावीत, असा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्य चालवायचं कसं याची आपल्याला कल्पनाच करता येत नाही. मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे. एक उदाहरण मी वाडीतच पाहिलंय. एका घरात परवान्याची बंदूक होती आणि धनी पिऊन आला की घरच्यांना तिचा धाक घालायचा. एका संध्याकाळी त्याची बायको पोलीस पाटलाकडे गेली. बंदूक कुणाच्या नावावर, कुठली, काडतुसं किती, हे ठाण्याच्या वहीत होतं, त्यामुळे कोण खरं बोलतंय यावर वाद घालण्यात वेळ गेला नाही. दिवा लागायच्या आत बंदूक घरातून बाहेर गेली आणि पुढे परवानाही गेला. वही नसती तर त्या बाईच्या शब्दावर कितीजणांनी विश्वास ठेवला असता?

कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे कुर्गची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि आमच्याकडच्या लोकांना तिचा थोडा हेवा वाटतो. १८५७ नंतर देशभर शस्त्रं काढून घेतली जात असताना १८६१ मध्ये तिथल्या कोडवांना सूट मिळाली. ती आजतागायत या ना त्या स्वरूपात चालू आहे. कोडव आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या जमिनीच्या धारकांसाठीची सध्याची सवलत २०२९ पर्यंतची आहे, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कैलपोदच्या सणाला ते बंदुकीची पूजा करतात. आमच्याकडे दसऱ्याला कोयते, विळे, नांगर, ट्रॅक्टर यांच्या जोडीला बंदूकही पाटावर येते. २०१९ मध्ये निवडणूक २१ सप्टेंबरला जाहीर झाली आणि दसरा होता ८ ऑक्टोबरला, तेव्हा पाटावर जागा रिकामी होती. काकांनी ठाण्याची जमा-पावती पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं. कागदावर हळदीचा डाग पडला. परत घेताना हवालदाराने विचारलं, हे काय सांडलंय? काका म्हणाले, “पूजा केलंय तुमच्या सहीची.” तोही मालवणीच होता, हसला आणि बंदूक आणायला आत गेला.

बाहेर आली तेव्हा ती गंजलेली होती. कोकणातली हवा, पावसाळ्याचा शेवट, मुद्देमालाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली. घरी काका आठवड्याला गोडेतेलाचा बोळा नळीतून फिरवतात. ठाण्यात कोण फिरवणार? त्यांच्याकडे खुनाच्या कोयत्यापासून चोरीच्या मोटारसायकलींपर्यंत सगळंच पडलेलं, आणि माणसं अपुरी. गंजलेल्या नळीत दारू ठासून बार काढायचा म्हणजे ती फुटली तर आपल्याच तोंडावर. काकांनी त्या वर्षी बार काढलाच नाही. काढण्यासारखं शेतात उरलंही नव्हतं.

आता यातली गंमत ऐका. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेणं बरोबर नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलेलं आहे. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचना निघाल्या. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असावी, तिने एकेक परवाना तपासावा, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत अडकलेले, अशांची हत्यारं जमा करावीत. जमा झालेलं हत्यार निकालानंतर आठवड्याने परत मिळावं. काका यांतल्या कुठल्याच वर्गात बसत नाहीत. त्यांच्यावरचा एकमेव खटला बांधावरच्या फणसाचा, तोही दिवाणी. तरी दर वेळी फोन येतो: “काका, आचारसंहिता लागली, घेऊन या.” लेखी आदेश मागावा असं मी एकदा सुचवलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. पुढच्या नूतनीकरणाच्या अहवालावर सही त्याच ठाण्याची लागते. हक्क बजावायचा आणि मग वर्षभर त्याची फळं भोगायची, त्यापेक्षा बंदूक पोचवलेली बरी, हा त्यांचा हिशेब आहे. परवानाधारकाच्या मनात जी भीती असते ती ही. सरकार एक दिवस सगळ्यांच्या बंदुका कायमच्या काढून घेईल, या परदेशी छापाच्या भीतीने आमच्या गावात कुणाची झोप उडत नाही. उडते ती आपण यादीत आहोत म्हणून पहिला फोन आपल्याला येतो याने.

आणि यादीत नसलेले? रानात शिरणाऱ्या शिकाऱ्यांकडे गावठी बंदुका असतात, ते कुणापासून लपलेलं नाही. अंधारात हालचाल दिसली म्हणून बार काढला आणि तो साथीदारालाच लागला, अशा बातम्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पानांवर अधूनमधून येतात. त्या बंदुका कुठल्या वहीत नाहीत, कुठल्या निवडणुकीत जमा होत नाहीत, कुठल्या डॉक्टरने त्यांच्या मालकाला झोपेबद्दल विचारलेलं नाही. रानात बार ऐकू आला की चौकशी मात्र परवान्यावाल्यांच्या घरापासून सुरू होते, कारण त्यांचेच पत्ते हाताशी असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

२०१९ च्या दुरुस्तीने बिनपरवाना हत्याराची शिक्षा वाढवली. पूर्वी एक ते तीन वर्षं होती ती आता दोन ते पाच वर्षं. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, हेही त्याच दुरुस्तीतलं. पाच वर्षांची मुदत ही चांगली गोष्ट झाली. पण वाढलेल्या शिक्षेचा धसका भलत्याच घरांत बसला. आमच्या शेजारच्या वाडीत एक म्हातारी एकटी राहायची. नवरा गेला, मुलं मुंबईला. परवाना नवऱ्याच्या नावावर होता, म्हणजे तो गेला त्या दिवशी घरातली बंदूक बेकायदा झाली. कायद्यात वाट आहे: हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा. तिला हे कुणी सांगितलं नाही. वर्षभराने कुणीतरी सांगितलं ते असं की, “काकी, घरात बंदूक सापडली तर आता पाच वर्षं जेल.” तिने रात्रीच्या वेळी बंदूक नेऊन पडक्या विहिरीत टाकली. मुंबईहून आलेल्या मुलाला ते कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला, कारण बंदूक कुठे गेली याचं उत्तर आता त्याला द्यायचं होतं, आणि खरं उत्तर देण्यातही गुन्हा आणि खोटं देण्यातही. यादीत ती बंदूक बहुधा अजून आहे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, परवान्याची जिल्ह्याला. पहिली झाली की दुसरीने त्या घराला एक साधं पत्र पाठवावं, इतकी जोडणी कुणाला सुचू नये?

परदेशातही या वह्यांनी माणसांना दमवलंय. न्यूझीलंडमध्ये १९२० पासून बंदुकांची नोंद होती; ती इतकी शिळी झाली की १९८३ च्या कायद्याने साध्या लांब नळीच्या बंदुकांची नोंद सोडून दिली आणि फक्त माणसाला परवाना द्यायचं ठरवलं. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली. मारणाऱ्याकडे परवाना होता, पण त्याच्या घरात काय काय साठलंय हे सांगणारी वही नव्हती. मग बंदी आली, सरकारने बंदुका विकत घ्यायला सुरुवात केली, आणि डिसेंबरात त्याच कामाच्या संकेतस्थळावर एका विक्रेत्याला इतर मालकांची माहिती दिसू लागली म्हणून ते बंद करावं लागलं. कुणाच्या घरी बंदूक आहे ही यादी चोरासाठी काय मोलाची, हे वेगळं सांगायला नको. तरीही २०२३ मध्ये त्यांनी नवी नोंदवही सुरू केली. कॅनडाने उलटं केलं: १९९५ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांची नोंद सुरू केली, खर्च अब्जाच्या घरात गेला, आणि २०१२ मध्ये ती बंद केली. पोलीस प्रमुखांची संघटना ती ठेवा म्हणत होती, गावाकडचे शेतकरी-शिकारी काढा म्हणत होते. हे वाचताना मला जाणवलं की दोन्हीकडचे लोक बहुतेक वेळा खरं बोलत असतात. वही नसली तर क्राइस्टचर्च दिसत नाही. वही असली आणि ती कुणी नीट राखली नाही तर विहिरीतल्या बंदुका आणि तीन-आठचा घोळ तिच्यात साठत जातो.

पण आमच्याकडे बंदूक जमा झाल्यावर काय होतं, ते या कुठल्याच वादात येत नाही. राखणीचा माणूस रिकाम्या हाताने माळ्यावर बसतो. पत्र्याचे डबे वाजवतो, सुतळी बॉम्ब लावतो. डुकरांना चार रात्रींत कळतं की आवाजामागे काही नाही. पाचव्या रात्री कुणीतरी मोटारसायकलच्या क्लचची वायर घेऊन पायवाटेवर फासकी लावतो. त्या फासकीला डुक्कर आहे की बिबट्या, हे ओळखता येत नाही. कंबरेत तार रुतून मेलेले बिबटे कोकणात सापडतात ते अशा फासकीत. कुणी बांधावरच्या तारेत घरातली वीज सोडतो, आणि पहाटे तिला चिकटतो तो शेजारचा माणूस. फासकीला परवाना नसतो, तारेला क्रमांक नसतो, त्या जमा करा असा फोन कुणाला येत नाही. मतदान शांततेत पार पडतं आणि अहवालात तसं लिहिलं जातं.

मी एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याशी यावर बोललो. ते म्हणाले, “साहेब बदलतात, निवडणूक महिन्याची असते. एखाद्या परवान्याच्या बंदुकीतून गोळी सुटली तर समिती काय करत होती असं विचारतात. भात गेलं तर मला कोण विचारतो?” इतकं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. त्यांच्या जागी मीही फोनच केला असता. म्हणूनच हे माणसांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. ‘शेती संरक्षण’ असं कारण लिहिलेल्या परवान्याची बंदूक जमा करायची असेल तर त्या माणसाविरुद्ध काय आहे ते कागदावर लिहावं, आणि नसेल तर कापणी होईपर्यंत तिला हात लावू नये, एवढा एक आदेश पुरे. शक्य नसेल तर जमा केलेल्या प्रत्येक बंदुकीमागे त्या शेतात राखणीला एक वनमजूर रात्री उभा करावा. दुसरी सूचना मी गमतीने करतोय, पण पूर्ण गमतीने नाही.

सध्या आमच्या घरात वारसाचा अर्ज चालू आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं की हयातीतच ते वारसाच्या नावावर करता येतं. काका दोन्हीत बसतात. चुलतभाऊ शेती करतो, त्याच्या नावे परवाना मागायचा. भाऊ स्वतः फारसा उत्सुक नाही. तो म्हणतो, सौर कुंपणाला अनुदान मिळालं तर या झंझटीत पडायचंच कशाला. ठाण्याच्या फेऱ्या, डॉक्टर, फोन, हे सगळं तो लहानपणापासून बघत आलाय. काकांना ते पटत नाही. कुंपण वहाळाच्या अंगाला घालता येत नाही, पावसात वाहून जातं, आणि डुकरं तिकडूनच येतात.

फॉर्म मी भरायला घेतला. शस्त्राची गरज कशासाठी, या रकान्यात मी बरंच लिहिलं: क्षेत्र, पीक, अभयारण्यापासूनचं अंतर, दोन वर्षांच्या नुकसानीचे पंचनामे. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “इतक्या कोण वाचतला? डुकर लिव.” मी म्हटलं, तसं चालत नाही. भाऊ म्हणाला, आधी तो तीन आहे की आठ ते ठरवा. अर्ज अजून तिथेच अडकलाय.